भिजलेली वाकळ

ती घटना विसरायची म्हटली तरी वर्षातून एकदा समोर येतेच. घटस्थापना जवळ आली की आमच्या संभाजीनगरात घरोघरची अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतात. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण धुऊन झालं पाहिजे, हा आपल्याकडचा रिवाज. गच्च्यांवर, कुंपणांवर, शाळेच्या भिंतींवरसुद्धा गोधड्या वाळत पडतात. मला निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण अशी कुणी गच्चीवरून गोधडी सोडत असलं तर मी आजही तिथं थांबतो, वर हाक मारतो आणि वळसा घालून जातो. लोकांना गंमत वाटते.

नावं देणार नाही. त्या घरातली माणसं अजून याच शहरात राहतात.

मी तेव्हा जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थोडं माझ्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढं त्याचा संबंध आहे. माझे वडील सिल्लोडला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, तेही भौतिकशास्त्र घेऊन, आणि परीक्षा देऊन फौजदार झालो. ठाण्यात मागून मला 'सायन्सवाले साहेब' म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे हे मला ठाऊक होतं. मी ते नाव मिरवलं.

त्या दिवशी सकाळची हजेरी झाली होती, रात्रीच्या आरोपींना कोर्टात पाठवायची घाई चालली होती, तेवढ्यात शहागंजातला एक चहावाला ठाण्यात आला. हा आमचा खबऱ्या नव्हता. ठाण्याच्या पायरीवर चप्पल काढून आत आला, यावरूनच कळत होतं की पोलिसाशी त्याचा कधी संबंध आला नसावा.

"साब, पीछे की गल्ली में मय्यत हो गई. जवान लडका है. बोलते पाँव फिसला. लेकिन सुबू दोनों भायां में जोरदार झगडा हुआ था, मैं अपने कानां से सुना. और अब ले जाने की बहोत जल्दी चलरई."

"तुला काय म्हणायचंय? भावानं मारलं?"

"मेरे कू कुछ मालूम नै साब. चुप बैठा तो नींद नै आएगी, बस इत्ताच."

मी दोन शिपाई घेऊन निघालो.

घर तीन मजली, स्वतःचं. वडील वारलेले. आई साठीची. थोरला मुलगा शहागंजात कापडाचं दुकान चालवायचा. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला पैठणला माहेरी गेली होती. धाकटा पंचविशीतला, इंजिनिअर झालेला. त्याला पुण्यात नोकरी लागली होती आणि दसरा झाला की तो जाणार होता. आता तो बाहेरच्या खोलीत चादरीखाली निजलेला होता आणि अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, मुलाच्या पायाचा अंगठा धरून बसली होती.

मी अंत्ययात्रा थांबवली. त्यांचा कुणी मामा पुढं आला. "साहेब, माणूस गेलंय घरातलं. थोडी तरी लाज ठेवा."

"माणूस तुमचं आहे, मामा. पण चौकशी होईपर्यंत प्रेत सरकारचं आहे."

असं बोलावं लागतं. मऊ बोललं तर लोक प्रेत उचलतात, आणि एकदा चितेवर गेलेला पुरावा परत येत नाही.

आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. थोरला म्हणाला, मागच्या अंगणात फरशीवर पाणी होतं, त्यावरून घसरून डोक्यावर पडला. मयताचा सदरा खांद्यांवर आणि छातीवर भिजून चिंब होता. पण पँट मागून कोरडी. घसरून पडलेला माणूस बहुधा आधी कुल्ल्यावर पडतो. ओल्या फरशीवर पडला आणि बूड कोरडं राहिलं, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या अंगणात तारेवर धुतलेल्या चादरी आणि गोधड्या टांगलेल्या होत्या. भादव्याचं ऊन, चादरी वाळत आल्या होत्या, जाड गोधड्या अजून ठिबकत होत्या.

प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि थोरल्याला ठाण्यावर आणलं.

त्याला मी मारहाण केली नाही. आमच्याकडं दोन प्रकारची चौकशी चालायची, मला एकच जमत होती. समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घसरून पडला म्हणतोस. मग पँट कोरडी कशी?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मी मारलं."

"कशानं?"

"धोपाटण्यानं. कपडे धुवायच्या."

"का?"

"भांडण झालं. तो पुण्याला चालला होता. आईला, मला टाकून."

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, कबूल झाला. मिटलं."

मिटलं नव्हतं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हे तर झालंच. पण मला दुसरीच गोष्ट खटकली. मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या. खरा गुन्हेगार कबूल होताना स्वतःला थोडं तरी वाचवतो. आधी तोच अंगावर आला, त्यानं आईवरून शिवी दिली, माझं डोकं फिरलं, असं काहीतरी पुढं करतो. हा माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलत नव्हता. कितीदा मारलं, विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला पाहिजे तितकं लिहा."

तरी गुन्हा दाखल करावाच लागला. भांडणाचे साक्षीदार होते, खोटी हकीकत होती, कबुली होती. खुनाचं कलम लावून त्याला अटक केली, कोर्टानं पोलीस कोठडी दिली. त्याच्या आईला हे कळलं तेव्हा ती ठाण्याच्या दारात येऊन बसली. जेवायला उठली नाही. "माझा एक गेला," एवढंच म्हणायची, "दुसरा तुम्ही कशाला नेताय?"

शवविच्छेदन करणारे डॉक्टर मला भेटायला बोलावून म्हणाले, "तुमचं धोपाटणं घेऊन जा. याच्या कवटीला जखम नाही, कातडी कुठं फाटलेली नाही. मानेचा मणका मोडलाय, तो वरून दाब आल्यामुळं. शिवाय दोन्ही मनगटं मागं मुरगळलेली आहेत."

"मार अडवताना?"

"मार अडवताना एक हात आडवा येतो. याचे दोन्ही तळवे वर होते. वरून काहीतरी जड आलंय आणि ते मऊ होतं. धान्याचं पोतं वगैरे. तिथं पोतं होतं का?"

पोतं नव्हतं.

आईचा जबाब घ्यायचा राहिला होता. मी तिच्या घरी गेलो. भांडणाबद्दल विचारायचं होतं. सुरुवात करायची म्हणून साधा प्रश्न विचारला, त्या वेळी तुम्ही कुठं होता.

"वर गच्चीवर होते, साहेब. धुणं वरच करते, टाकी वर आहे. पण वर वाळत घालायला जागा नाय, टाक्या आन् पत्र्याची खोली. मग वरूनच खाली टाकते. खाली थोरला असतो तारेवर घालायला. मी म्हनते 'सरका', तो म्हनतो 'येऊ दे', की टाकते."

"त्या दिवशीही?"

"व्हय की. चादरी टाकल्या, मग वाकळ टाकली. ह्यांच्या जुन्या धोतरांची हाय, लई जाड. पिळायला दुसरं मानूस नव्हतं. सून माहेरी. म्हनून तशीच पाण्यासगट टाकीच्या कट्ट्यावर वळकटी केली, कठड्यावर सरकवली आन् लोटली. कठडा उंच, खालचं काय दिसत नाय मला. थोरला म्हनला 'येऊ दे'. मग कुनी काय बोललंच नाय. मला वाटलं, वाळत घालतोय." ती थांबली. "पोरं लहान होती तवा खाली उभी राहून झेलायची, साहेब. मी मुद्दाम सुक्या चादरी टाकायची त्यांच्या अंगावर. आत गुरफटून हसायची नुसती..."

'हसायची' म्हणताना तिचा बांध फुटला. माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं होतं. तिनं मला सगळं सांगितलं होतं आणि आपण काय सांगितलं हे तिला कळलं नव्हतं. मी वही मिटली आणि उठलो.

परतताना हवालदाराला म्हटलं, वाकळीनं मेला तो. तो जीपमध्ये मोठ्यानं हसला. "काय साहेब! गोधडीनं मानूस मरतं व्हय? मग आमच्या गावात एक म्हातारं उरलं नसतं. चार-चार अंगावर घेऊन झोपत्यात."

त्याचं चुकलं असं नाही. आपल्याकडं गोधडीला कुणी भीत नाही. ती आजीच्या लुगड्याची असते, अंगावर पडली तर ऊब लागते. हीच समजूत त्या घराला नडली होती. पण समजूत कोर्टात चालत नाही. चालतं ते दाखवता येणारं.

कॉलेजात पहिल्या वर्षी आमच्या सरांनी एक लांब काचेची नळी दाखवली होती. तिच्यात एक नाणं आणि एक पीस. नळी उलटी केली की नाणं खाडकन तळाला, पीस मागाहून डुलत डुलत. मग त्यांनी पंपानं नळीतली हवा काढली आणि पुन्हा उलटी केली. दोन्ही बरोबर तळाला पोचले. खेड्यातून आलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की जड वस्तू जड आहे म्हणून लवकर पडत नाही. पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते. मध्ये हवा आडवी येते. पडणाऱ्या वस्तूला हवा खालून रेटत असते. वस्तू पसरट आणि हलकी असेल तर थोडं अंतर पडल्यावरच तो रेटा तिच्या वजनाशी बरोबरी करतो, मग तिचा वेग वाढत नाही, ती त्याच चालीनं खाली येते. वस्तू आटोपशीर आणि वजनदार असेल तर त्याच हवेचं तिच्यापुढं काही चालत नाही. ती जमिनीला लागेपर्यंत वेग वाढवतच राहते.

आम्ही पोलीस क्वार्टर्समध्ये राहायचो, इमारत तीन मजली. मी घरी आलो आणि आमच्या मंडळींना म्हटलं, "आपली सगळ्यात जाड गोधडी दे."

"कशाला? धुऊन घडी घातलीय मी. घट बसायचेत."

"खाली टाकायचीय."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? चोर मिळेनात म्हणून माझ्या गोधड्यांना धरायला लागलात?"

पण दिली. मी गच्चीवर गेलो, ती खाली उभी राहिली. आधी कोरडी गोधडी उलगडून सोडली. ती वाऱ्यावर फुगली, तिरकी झाली, आणि भिंतीपासून दूर जाऊन अलगद पसरली. खालून आवाज आला, "झालं समाधान? आता मातीतनं काढा!"

मग तीच गोधडी टाकीत बुडवली. पाणी पिऊन ती एवढी जड झाली की मला एकट्याला कठड्यावर चढवताना दम लागला. वळकटी केली. खाली पत्र्याची बादली पालथी ठेवायला सांगितली आणि हिला दूर उभं केलं. लोटली. ती उलगडली नाही, डुलली नाही, भिंतीच्या कडेनं सरळ गेली. आवाज असा आला की समोरच्या क्वार्टरमधली माणसं बाहेर आली. बादली चेपून भाकरीसारखी सपाट झाली होती.

वस्तू तीच होती. आधी हवेनं तिला झेललं होतं, या वेळी हवेला ती झेपली नाही.

मी खाली आलो. ही बादलीकडं बघत होती. मी केसबद्दल घरी बोलत नसे, पण तिला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे त्या बाईनं..." ती म्हणाली. मग हळू विचारलं, "तिला माहीत आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही सांगणार?"

मी चेपलेली बादली उचलून आत नेली.

कोठडीतून थोरल्याला बाहेर काढलं आणि माझ्या खोलीत एकट्याला बसवलं. म्हटलं, "तुझा भाऊ झेलायला उभा होता ना?"

त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. इतका वेळ एका माणसानं दार आतून लावून धरलं होतं आणि आता त्याच्या हातातलं बळ संपलं. तो बोलायला लागला.

"सकाळी मी लई बोललो त्याला. म्हणलं जा पुण्याला, आम्ही मेलो तरी येऊ नको. मग मी खाली चादरी वाळत घालत होतो, तर मागच्या दारानं आला. मी तोंड फिरवलं. म्हणला, 'दादा, रुसलास व्हय? सरक, आज मी झेलतो.' हात वर करून उभाच राहिला, लहानपणीसारखा. मला हसू आलं, साहेब. मला वाटलं चादरच असंल. आई वरून म्हणाली 'सरका', आन् मी हसत म्हणलं, येऊ दे."

त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"आवाज पण नाय केला त्यानं. मी वाकळ ओढून काढली, तारेवर टाकली. आई खाली यायच्या आत. तिला म्हणलं, घसरला."

"मग धोपाटणं?"

"तुम्ही पँटचं विचारलं तवा वाटलं, आता हे वाकळीपर्यंत जातील. मी मारलं म्हणलं की थांबतील." तो खुर्चीवरून उतरून खाली बसला. माझे पाय धरायला लागला तसा मी मागं सरलो. "साहेब, खोटं काय हाय त्यात? येऊ दे मीच म्हणलो ना? मला जन्मभर आत ठेवा. पण आईला सांगू नका. तिनं धाकट्याला कडेवर घेऊन वाढवलाय. तिला कसं सांगता तुम्ही, की तुझ्या हातानं..."

"तुझी बायको पैठणला बाळंत व्हायचीय. त्या लेकराचं काय?"

"लेकरू जगंल. आई नाय जगायची."

मी त्याला परत आत पाठवलं आणि दार लावून बसून राहिलो. एवढ्या नोकरीत गुन्हेगाराला पकडताना मला कधी जड गेलं नव्हतं. निर्दोष माणसाला सोडताना गेलं. त्याला सोडायचं तर खरं काय घडलं ते कागदावर यायला हवं, पंचांसमोर पुन्हा प्रयोग व्हायला हवा, आणि कोर्टातून ते गल्लीत जाणारच. तिला चहाच्या टपरीवरच्या गप्पांतून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं, एवढंच माझ्या हातात होतं.

मी साध्या कपड्यांत गेलो. बरोबर एक वयस्क महिला हवालदार घेतली. आई स्वयंपाकघरात होती. घरात सुतक, घट बसलेच नव्हते. मी पाटावर बसलो आणि सांगितलं. लांबण लावली नाही, गोडही केलं नाही. वाकळ भिजलेली होती, ती सरळ खाली गेली, तो झेलायला उभा होता, कुणाचा हेतू नव्हता.

चुलीपाशी एक पातेलं होतं, त्याच्यावर तिनं झाकण ठेवलं. मग विचारलं, "लई वेळ तळमळला का?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंसुद्धा नसेल."

"आन् थोरल्याला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी हे सगळं एकटाच धरून बसला होता व्हय तिथं तुमच्याकडं?" आणि मग त्या बाईनं असं काही विचारलं की माझ्याबरोबरची हवालदार उठून बाहेर गेली. "जेवतो का तो?"

मी म्हटलं, थोडं थोडं.

"लिहून घ्या, साहेब. मीच टाकली. काय शिक्षा असंल ती मला द्या. त्याला सोडा."

तिला शिक्षा झाली नाही. पंचांसमोर प्रयोग झाला, डॉक्टरांनी मत लेखी दिलं, मी न्यायालयाला अहवाल पाठवला. अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. पुरावा लपवला म्हणून थोरल्याविरुद्धही कुणी पुढं गेलं नाही. मी जाऊ दिलं नाही म्हणा हवं तर. ज्या दिवशी तो सुटला त्या दिवशी आई ठाण्याच्या दारात उभी होती. तो पायरीवर आला आणि तिच्याकडं बघेना. तिनंही त्याला जवळ घेतलं नाही, रडली नाही. त्याच्या सदऱ्याची कॉलर दुमडली होती ती सरळ केली आणि "चल" म्हणाली. दोघं एकापाठोपाठ एक चालत गेले, मध्ये अंतर ठेवून.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. त्यांना मी एवढं सांगतो, की कबुली मिळाली म्हणून थांबू नका, माणूस मायेपोटीही खोटं बोलतो आणि ते खोटं पैशापोटीच्या खोट्याहून जास्त घट्ट असतं. शिकलेलं वाया जात नाही हेही सांगतो. माझ्या वडिलांनी गाठी वाहून मला जे शिकवलं त्यानं एक माणूस फासापासून वाचला, याचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट त्यांना सांगत नाही.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी ती बाई मला भेटायला आली होती. कडेवर नातू होता. खुर्ची दिली तरी बाकावर बसली. म्हणाली, "साहेब, तुम्ही खरं सांगितलं ते बरं केलं. नायतर माझे दोन्ही गेले असते. हे लेकरू बापाबिगर वाढलं असतं."

मी म्हटलं, "ते माझं कामच होतं, मावशी."

"व्हय," ती म्हणाली. नातवानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते तिनं हळूच सोडवलं. "पर कधी कधी पहाटं डोळा उघडतो, साहेब. आन् वाटतं, हा मानूस त्या दिवशी घरी आलाच नसता तर."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि उठली.